सिलिंडर बांधलेला नव्हता, प्रज्ञा

प्रज्ञा,

तुझ्या पुण्यानुमोदनाला जो आला त्यानं मला एकच सांगितलं, की तू दुसऱ्याचा जीव वाचवता वाचवता गेलीस. भंतेजींनाही कोणी तसंच सांगितलं असावं, तेही तेच बोलले. मी हात जोडून ऐकलं, पण मान हलवली नाही. बाजूला तुझी आई बसली होती. तिनंही हलवली नाही. आमचं दोघांचं तसं काही ठरलेलं नव्हतं.

तू गेलीस ती ऑक्सिजनच्या सिलिंडरनं. विमानात तो कडीत अडकवून पक्का बांधलेला असायला हवा होता आणि तो बांधलेला नव्हता. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं हात अडला तरी मुद्द्याचं राहून जाणार नाही. बत्तीस वर्षं मालगाड्यांवर गार्ड होतो मी. आधी नोंद करायची, हळहळायचं ते ड्युटी संपल्यावर. ही सवय आता या वयात सुटणार नाही.

भिलाईला तुझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मांडवामागं आचाऱ्यानं भरलेले गॅसचे सिलिंडर भट्टीला खेटून आडवे टाकले होते. तू हिरवी पैठणी नेसून तिथं जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "भैया, पहले ये हटाओ, फिर पूड़ी तलना." तो म्हणाला, "दीदी, बीस साल से ऐसे ही रखते हैं." तू म्हणालीस, "बीस साल किस्मत अच्छी थी आपकी." जेवणाला पाऊण तास उशीर झाला. तुझ्या मावशीचा नवरा माझ्यावर चिडला. "भाऊजी, पोट्टीले आवरा, वऱ्हाड उपाशी बसलं आहे." मी तुला आवरायला म्हणून आलो आणि तुझ्यासोबत सिलिंडर उचलायला लागलो. तू पदर खोचून हसत होतीस. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर गंजाचा पट्टा उमटला, तो तीनदा धुऊनही गेला नाही. नातेवाइकांत तुझं नाव सिलिंडरवाली पडलं ते तेव्हापासून. आता तुझ्यासाठी कोणी ते नाव घेत नाही. माझ्यासमोर शब्दच टाळतात. मला मात्र ते ऐकायचं आहे.

आठ वर्षं अतिदक्षता विभागात नर्स म्हणून काढून तू हवाई अँब्युलन्सच्या कंपनीत लागलीस, तेव्हा मी रायपूरच्या सदर बाजारातून पेढे आणून आपल्या मोहल्ल्यात, अर्ध्या बूढापाऱ्यात वाटले होते. तलावावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो, माझी पोट्टी आकाशात ड्युटी करते. पहिल्या खेपेहून आलीस आणि बूट न काढताच बोलत सुटलीस. वरून महानदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते, भिलाईचा धूर सरळ रेघेत जाते, विमान इतकं लहान आहे की उभं राहिलं की डोकं छताला लागते. पेशंटला हैदराबादेत सुखरूप उतरवलं तेव्हा त्याच्या बायकोनं तुझ्या हाताचा मुका घेतला, हे सांगताना तू लाजलीस. मी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेक कसे आहे त्या विमानाचे?" आई म्हणाली, "यांचं नं, गाडीतून उतरणंच होत नाही."

मग तुझं बोलणं कमी झालं. चार-पाच महिने गेले असतील. तू एक वही करायला लागलीस, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक खेपेनंतर त्यात दोन-चार ओळी. मी विचारलं तर म्हणालीस, "तुमच्या जर्नलसारखं आहे, बाबा." गार्ड जसा आपल्या गाडीचं सगळं जर्नलमध्ये लिहितो, तसं. मला बरं वाटलं होतं. त्यात काय लिहीत होतीस, ते मी तेव्हा वाचलं नाही.

एकदा तूच समजावून सांगितलंस. प्रवासी विमान होतं ते, खुर्च्या काढून त्यात स्ट्रेचर बसवलं होतं. जादा सिलिंडर ज्या कडीत अडकवायचा ती कडी तुटली होती आणि तो सामान बांधायच्या पट्ट्यानं खुर्चीच्या पायाला बांधून ठेवायचे. नर्सची खुर्ची पेशंटच्या पायाकडं. तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, कमरेला ओढणी बांधून मला दाखवलंस. "हे पाहा. बेल्ट लावला तं हात पेशंटच्या तोंडापर्यंत पोचत नाही. हात पोचवाचा तं बेल्ट सोडावा लागते." आणि तिसरी गोष्ट तुला सगळ्यात जास्त टोचत होती. पायलटनं फक्त आभाळ पाहून ठरवायचं असते, जायचं की नाही. पण कंपनीचा माणूस त्याला आधीच फोनवर सांगायचा, लहान लेकरू आहे, तासाभराचा सोबती आहे. "असं ऐकल्यावर कोण नाही म्हणन, बाबा? त्यालेही लेकरं आहे."

तू तीनदा लिहून दिलंस. पहिल्याचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे. दुसऱ्याचं आलंच नाही. तिसऱ्या वेळी मॅनेजरनं बोलावून सांगितलं, "आप बहुत नेगेटिव हो, मैडम."

त्यानंतरच्या रविवारचं जेवण मला रोज आठवते. आईनं अंबाडीची भाजी केली होती. तू घास हातात धरून म्हणालीस, "कडी लागली नसल तं पुढच्या वेळी मी चढत नाही."

मी म्हटलं, "पोरी, हे रेल्वे नाही. तू नाही म्हणली तं ते दुसरी आणतीन."

"तुम्ही नाही म्हणले होते नं?"

म्हटलं होतं. ती गोष्ट तुला शंभर वेळा सांगून मीच तोंडपाठ करून ठेवली होती. कोळशाची गाडी होती. माझ्या डब्यातल्या घड्याळात ब्रेकचं प्रेशर येत नव्हतं, म्हणून मी हिरवी झेंडी दाखवली नाही. कंट्रोलर फोनवर ओरडत होता, मागं तीन गाड्या थांबल्या आहेत म्हणून. चाळीस मिनिटांनी फाटलेली नळी सापडली. पुढं उतार होता. ती गाडी तशीच सुटली असती तर आज मी तुला लिहायला नसतो.

पण त्या रविवारी मी म्हटलं, "माझ्यामागं रूल बुक होतं, युनियन होती. तुझ्यामागं कोण आहे?"

तू माझ्याकडं पाहिलंस. "तुम्ही आहा नं."

मी भात चिवडत बसलो, मग हात धुवायला उठलो. इथं छत्तीसगढात आपण भाजीवाल्यालाही दिवसातून दहा वेळा हव म्हणतो, म्हणजे हो. तेवढंच म्हणायचं होतं, प्रज्ञा. हव. एवढासा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तू ताटं उचललीस आणि दुसरंच बोलायला लागलीस, राहुलच्या नव्या खोलीबद्दल. तुझ्या भावाचा विषय काढला की घर हलकं होते, हे तुला माहीत होतं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, तू चढलीस.

काहून चढलीस, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल. बापानं साथ दिली नाही म्हणून? उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर आहे. "कडी नाही. सांगितलं. पेशंट बाळंतीण आहे, रक्त फार गेलं. जाते." याच्यावर मी तुझ्याशी भांडू शकत नाही. तरी भांडतो. ती बाई एका बाजूला आणि तू दुसऱ्या बाजूला, अशा तराजूत तुला बसवायचा हक्क त्यांना कोणी दिला? कडी लावली असती तर दोघी जगल्या असत्या. तुम्हा दोघींतली एकच निवडायची, अशी वेळ आभाळानं आणली नव्हती.

त्या दुपारी विमानात काय झालं, हे मला सुखदेवनं सांगितलं. त्या बाळंतिणीचा भाऊ, कोंडागावकडच्या शाळेत मास्तर आहे. बहिणीसोबत तोही विमानात होता. तू गेल्यावर नवव्या दिवशी तो चारोळीची पुडी घेऊन आला आणि कितीतरी वेळ दारातच उभा राहिला. आईनं त्याला हात धरून आत बसवलं.

रायपूर जवळ आलं तेव्हा विमान काळ्या ढगात शिरलं आणि हादरायला लागलं, असं तो म्हणाला. डॉक्टर डोक्याकडं होते, पण त्यांचे दोन्ही हात रक्ताच्या पिशवीत गुंतले होते. तेवढ्यात बहिणीच्या तोंडातली श्वासाची नळी सरकली. तू बसल्या जागेवरून हात लांब केलास. पोचला नाही. पुन्हा केलास.

"दीदी ने मेरी तरफ देखा," सुखदेव म्हणाला. "बोलीं, आप बेल्ट मत खोलना, कुछ भी हो जाए. फिर अपना खोल दिया."

तू वाकून नळी बसवलीस आणि धरून ठेवलीस. मग विमान एकदम खाली पडलं, विहिरीत बादली पडावी तसं. पट्टा तुटला, सिलिंडर जमिनीवरून उचलला गेला आणि तुझ्या मानेवर आला. डॉक्टरांनी तुला हाका मारल्या. दहा-बारा मिनिटांत विमान उतरलं.

"जहाज को खरोंच तक नहीं आई, अंकल," सुखदेव म्हणाला आणि तोंडावर रुमाल धरून रडला.

त्याची बहीण जगली. बाळही आहे. मुलगी झाली. लोक मला हळूच विचारतात, त्या बाईचा राग येतो का. येत नाही. या सगळ्यात एकच काम नीट झालं आणि ते तुझ्या हातचं आहे. ते कोणी खोडू शकत नाही.

पण खोडायला आले होते. त्याच आठवड्यात कंपनीचा मॅनेजर घरी आला. हातात तुझा मोठा फोटो, सोनेरी चौकट, खाली "सेवावीर" लिहिलेलं. सोबत इंग्रजीत टाईप केलेला एक कागद, त्यावर माझी सही हवी होती. तो सोफ्याच्या कडेवर बसून गोड बोलत होता. प्रज्ञाजी हमारे परिवार की थीं, वगैरे. मी चष्मा शोधत होतो. आई पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "काय लिहिलं आहे ते मले मराठीत वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. खराब हवामानामुळे विमानाला झटका बसला. त्या वेळी कर्मचाऱ्यानं स्वतःच्या इच्छेनं बेल्ट काढलेला होता. तोल जाऊन दुर्दैवी इजा झाली.

आई म्हणाली, "याच्यात सिलिंडर कुठं आहे?"

मी ते हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "माताजी, टेक्निकल बातें इसमें नहीं आतीं."

"मंग हा कागद तुम्हीच ठेवा," आई म्हणाली. "अन् फोटोही घेऊन जा. आमच्या घरी तिचे फोटो आहे."

तुझी आई, जिनं आयुष्यात रेशन दुकानदाराशीही आवाज चढवून वाद घातला नाही. आवाज तिनं तेव्हाही चढवला नाही. तो गेल्यावर तिनं त्याचा पेला विसळला आणि मला म्हणाली, "आता तुम्ही बसा लिहायले. तुम्हाले येते."

मी बसलो. तुझ्या तिन्ही अर्जांच्या प्रती वहीतच होत्या. राहुलनं भिलाईहून येऊन सगळ्या पानांचे फोटो काढले. तो मराठीत बोलत नाही म्हणून तू त्याला चिडवायचीस. पण तुझं मराठी अक्षर त्यानं ओळ न ओळ वाचून काढलं, जिथं अडला तिथं मला विचारलं. पत्र दिल्लीला विमान खात्याकडं गेलं. मग चौकशीसाठी एक अधिकारी आले, त्यांनी मला विमानतळावरच्या ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण विमानाला काही झालं नाही, म्हणून याला अपघात म्हणायचं की नाही, इथूनच घोळ सुरू झाला.

मी म्हटलं, "साहब, मेरी रेलवे में डिब्बा पटरी पर खड़ा रहे और आदमी मर जाए, तो भी लिखा जाता है. यहाँ मेरी बेटी मरी है. आप कौन सा शब्द लिखेंगे?"

त्यांनी लेखणी ठेवली आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलली. मग विचारलं, "बेल्ट उन्होंने खुद खोला था, ये तो सही है?"

"हव साहब, खुद खोला था. अब ये पूछिए कि कुर्सी इतनी दूर किसने लगाई." आणि मी त्यांच्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसून, कमरेला गमछा बांधून त्यांना दाखवलं, तू मला दाखवलं होतंस तसंच. सत्तरीला टेकलेला माणूस टेबलापर्यंत हात पोचवतो आहे आणि पोचत नाही. ते उठून उभे राहिले. खुर्चीपासून टेबलापर्यंतचं अंतर त्यांनी वितीनं मोजलं आणि लिहून घेतलं.

अपघात हा शब्द कागदावर आला आहे. पुढं काय होईल मला माहीत नाही. मूळ वही मी त्यांना दिली नाही, प्रती दिल्या. वही आपल्या गोदरेजच्या कपाटात आहे आणि किल्ली आईच्या कमरेला.

मागच्या आठवड्यात तुझ्यासोबतच्या नर्सचा फोन आला. कंपनीनं सगळ्या विमानांत लोखंडी कड्या बसवल्या. किती दिवस लागले, मी विचारलं. म्हणाली, एक दुपार लागली, काका. फोन ठेवल्यावर मी तलावाच्या काठी जाऊन बसलो आणि तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. शेंगदाणे विकणारी बाई गाडी पुढं ढकलून निघून गेली. तू अर्जामागून अर्ज लिहून मागितलेली कडी. एक दुपार.

लोक सांगतात, आता शांत व्हा. जिचं जायचं होतं ती गेली. प्रज्ञा, तुझं जायचं नव्हतं. तू जायची होतीस ती त्याच्या पुढच्या महिन्यात नागपूरला, दीक्षाभूमीवर, आईला घेऊन. तिच्या चपला तू आधीच आणून ठेवल्या होत्यास. मी शांत होणार नाही. रडतो, तेही करतो, सकाळी नळाला पाणी येते तेव्हा, आवाजात आवाज मिसळून जातो. पण शांत होणं वेगळं.

सदर बाजारातल्या छापखान्यातून मी एक पान छापून आणलं आहे. हिंदीत आहे, मोठ्या अक्षरात. हवाई अँब्युलन्स बोलवण्याआधी विचारा: ऑक्सिजनचे सगळे सिलिंडर कडीत बांधलेले आहेत का. नर्सला बेल्ट लावून पेशंटपर्यंत हात पोचवता येतो का. हवामान पाहून नाही म्हणायची पायलटला मोकळीक आहे का. आणि त्यांच्यातल्या एकानंही नाही म्हटलं तर विमान थांबेल का. खाली माझं पूर्ण नाव आहे आणि त्याखाली "प्रज्ञाचे वडील". कंपनीचं नाव कुठं लिहिलं नाही. मला कोणा एकाशी भांडायचं नाही, मला हे सगळ्यांना विचारायला लावायचं आहे. अशा वेळी घरची माणसं समोर येईल त्या कागदावर सही करतात. तेव्हा वाचायचं भान कोणाला असते?

मोठ्या दवाखान्यांच्या गेटसमोर, चहाच्या टपऱ्यांवर, औषधांच्या दुकानाबाहेर मी ती पानं लावतो. आई मैद्याची खळ शिजवून डब्यात भरून देते. एका दवाखान्याचा सुरक्षारक्षक दोनदा फाडून गेला. तिसऱ्या वेळी मी त्याच्यासमोरच लावलं. तो म्हणाला, "दादा, मुझे ऊपर से डाँट पड़ती है." मी म्हटलं, "तू फाड़, मैं लगाऊँगा. दोनों अपनी ड्यूटी करेंगे." तेव्हापासून तो संध्याकाळी फाडतो. दिवसभर पान राहते.

काल दुपारी मी त्याच गेटसमोर खळ लावत होतो. चाळिशीची एक बाई मागं येऊन उभी राहिली. काखेत फाईल, पायात घरातली स्लीपर. नवरा आत व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला हैदराबादला हलवायचं ठरलं होतं. खळ वाळेपर्यंत तिनं ते पान वरून खालपर्यंत वाचलं. मग माझ्याकडं वळली.

"अंकल, ये सब पूछेंगे तो वो लोग नाराज तो नहीं हो जाएँगे?"

"होंगे," मी म्हटलं. "आप पूछना."

तिनं फाईल माझ्या हातात दिली, फोन काढला, हवाई अँब्युलन्सवाल्यांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडं कोणीतरी घाईत बोलत होतं, कागद तयार ठेवा, गाडी निघाली आहे. तिनं त्याला बोलू दिलं. मग पानावर बोट ठेवून पहिला प्रश्न विचारला. पलीकडचा आवाज थांबला. मागं कोणीतरी कुजबुजलं. मग तो म्हणाला, "मैडम, मैं पता करके बताता हूँ."

"कर लीजिए पता," ती म्हणाली. "मैं लाइन पर हूँ."

आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो.